नाही म्हणायचं तर का ते सांगा

आज दुपारी मेल आला. ज्या बॅले स्कूलच्या फायनल ऑडिशनला लेक जाऊन आली होती त्यांचा. सिलेक्शन झालं नाही हे आधीच कळलं होतं, ते घरात सगळे पचवतच होतो, पण मी त्यांना परत लिहून एवढंच विचारलं होतं की ती कुठे कमी पडली ते दोन ओळीत सांगाल का, म्हणजे पुढे कशावर मेहनत घ्यायची ते तिला कळेल. त्यावर उत्तर काय, तर उमेदवारांची संख्या मोठी असल्याने वैयक्तिक अभिप्राय देता येत नाही, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. संपलं. खाली कुणाचं नाव पण नाही, नुसतं प्रवेश विभाग.

ऑफिसमध्ये बसून हे वाचलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. त्यात संध्याकाळी एका ओळखीच्यांनी फोनवर म्हटलं, "अहो दहा वर्षांची पोर आहे, चार दिवसांत विसरेल." नाही विसरत हो. म्हणून लिहितोय, मोठं होणार आहे, वाचायचं तर शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅलेच्या मोठ्या शाळा साधारण दहाव्या अकराव्या वर्षी मुलं घेतात. आधी व्हिडिओ किंवा प्राथमिक फेरी, मग त्यातली निवडक मुलं फायनलला. लिओटार्ड, टाइट्स, केसांचा घट्ट बन, स्कर्ट घालायचा नाही कारण कंबरेपासून खालची रेघ दिसली पाहिजे, आणि छातीवर पिनांनी लावलेला नंबर. आत गेल्यावर नाव नसतं, नंबर असतो. आईबापांनी बाहेर बसायचं. दार बंद. आतून पियानो ऐकू येतो आणि मधेच थांबतो, आणि थांबला की बाहेरचे सगळे एकदम गप्प होतात.

तर आत काय झालं ते मी बघितलेलं नाही, तिनंच गाडीत सांगितलं. बार म्हणजे दांडीला धरून करायचे व्यायाम झाले, सेंटर म्हणजे दांडी सोडून मधे उभं राहून करायचे झाले, उड्या झाल्या, सगळं छान झालं म्हणे. मग एकेकीला बाजूला घेऊन तपासलं. पाय ताणून बोटं टोकदार केल्यावर पावलाची कमान किती येते, पाठ किती मागे जाते, वगैरे. शेवटी जमिनीवर उताणं झोपवलं, गुडघे वाकवून तळवे एकमेकांना टेकवायचे आणि गुडघे बाजूला सोडायचे, फ्रॉग पोझिशन म्हणतात, खुब्यातून पाय किती बाहेर वळतो ते त्यात दिसतं. एका बाईंनी तिचा गुडघा हलकेच दाबून बघितला, शेजारच्या बाईंकडे बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, आणि त्या दुसऱ्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"बाबा, त्यांनी काय लिहिलं असेल?"

हा प्रश्न तिनं पहिल्यांदा गाडीत विचारला. त्यानंतर रात्री झोपताना विचारला. शाळेत सोडताना विचारला. निकाल लागल्यावर तर रोजच. दुखऱ्या दाताकडे जीभ परत परत जाते तशी ती त्या कागदाकडे जाते. आणि माझ्याकडे उत्तर नाही, कारण ज्यांच्याकडे आहे त्यांना दोन ओळी लिहायला वेळ नाही.

मला एक कळत नाही. लिहिलंय ना तुम्ही? म्हणजे अभिप्राय तयार आहे. प्रत्येक नंबरासमोर काहीतरी लिहिलेलंच आहे, त्याशिवाय घेतलं कुणाला आणि सोडलं कुणाला हे ठरवलं कसं? तो कागद तुमच्या फायलीत आहे, त्यावर माझ्या मुलीच्या शरीराबद्दल लिहिलंय, आणि तो तिलाच सांगायचा नाही? फी घेताना मात्र प्रत्येकाकडून स्वतंत्र घेता, तिथे संख्या आड येत नाही.

हो, मान्य, खूप मुलं येतात आणि शिक्षक थोडे असतात. पण फायनलला येतात ती किती? तेवढ्यांना लिहा.

आता कुणी म्हणेल कारण कळून काय फरक पडतो, नाही ते नाही. फरक पडतो, आणि हाच सगळा मुद्दा आहे. बॅलेत टर्नआउट म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असणं, सगळं नृत्यच त्यावर उभं आहे. ते वळण खुब्यातून यायला लागतं. आता खुब्याच्या खोबणीची ठेवण, मांडीच्या हाडाचा कोन, हे प्रत्येकाचं जन्माचं वेगळं असतं आणि ते व्यायामानं बदलत नाही. पण ते वळण धरून ठेवणारे खोलवरचे स्नायू असतात, ते मेहनतीनं तयार होतात. म्हणजे तिचं हाडच तसं आहे की ताकद कमी आहे, या दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. ताकद कमी असेल तर काम करता येतं. हाड तसं असेल तर जेवढं आहे तेवढ्यातच सुरक्षित नाचायला शिकायचं. आणि हे दोन्ही माहीत नसलेलं जिद्दी मूल काय करतं? पाऊल जमिनीवर जबरदस्तीनं बाहेर फिरवतं. खुबा वळत नाही, पण पाऊल वळलेलं दिसतं. मधे पिळवटतो तो गुडघा. आमच्या टीचर ओरडून ओरडून थकतात यासाठी, "खालून नको, वरून वळव."

गेल्या आठवड्यात मी दारातून बघितलं, ती आरशासमोर नेमकं हेच करत होती. पावलं एका रेषेत आणायला बघत होती, गुडघे पुढे, तोंड दुखऱ्यासारखं. कारण तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की त्या बाईंनी गुडघा दाबला तेव्हाच सगळं ठरलं.

आणि हे तरी बरं म्हणायचं. कारण मुलं कारण मिळालं नाही की स्वतःच बनवतात. पहिले काही दिवस तिचं कारण होतं पावलाची कमान. मग खुबा. मग उंची. आणि परवा रात्री जेवताना अर्धं ताट बाजूला सारून म्हणाली, "त्यांनी जाड असं लिहिलं असेल का?"

इथे माझा हात थांबला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नाही आमच्या घरात. पण बॅलेच्या जगात हा विचार हवेतच असतो, आणि रिकामी जागा दिसली की तो तिथेच येऊन बसतो. कोण काय म्हणालं याची गरजच नाही. गप्प बसणं पुरतं.

हे मी उगाच वाढवून सांगत नाहीये. अंगाला लागतं त्यापेक्षा कमी अन्न मिळत राहिलं तर पाळी, हाडं, वाढ, मूड, सगळ्यावर परिणाम होतो, ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये त्याला रेड-एस असं नाव दिलं, आणि नाचणाऱ्या मुली यात अगदी पुढच्या रांगेत असतात. व्हिएन्नाच्या ऑपेराच्या बॅले अकादमीतून 2019 मध्ये मुलांचा अपमान, मारहाण, शरीरावरून टोमणे असं काय काय बाहेर आलं, चौकशी समिती बसली, आणि मुलांच्या हिताची पुरेशी काळजी घेतली गेली नाही असा निष्कर्ष निघाला. एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी. तेव्हा कृपा करून मला कुणी "पॅशन असेल तर हे सगळं सहन करावं लागतं" असं सांगू नका. मोठ्या माणसानं स्वतःसाठी म्हणावं ते वाक्य. दहा वर्षांच्या मुलीसमोर नाही.

दुसरं, निकाल कळल्यापासून मला मोठमोठ्या बॅले नर्तकांचे दाखले देणारे मेसेज येतायत, पावलोव्हाला पण नाकारलं होतं, मिस्टी कोपलंडनं तर तेराव्या वर्षी सुरू केलं, नुरेयेव्ह सतरा वर्षांचा होऊन शाळेत गेला. तुमचा हेतू चांगला आहे, कळतं मला. पण हे तिला ऐकवू नका. एकतर त्यानं तिच्यावर पावलोव्हा व्हायचं नवीन ओझं येतं. आणि पावलोव्हाचंच बघायचं तर ते माझ्याच बाजूनं आहे. तिला पहिल्यांदा घेतलं नाही ते वय लहान आणि तब्येत नाजूक म्हणून, आणि 1891 मध्ये दहाव्या वर्षी घेतलं. कारण असं स्पष्ट होतं की वय वाढेल आणि परत येता येईल. आमच्याकडे तेवढंही नाही.

पॅरिसची शाळा 1713 पासून आहे. सेंट पीटर्सबर्गची, आता जिला वागानोव्हा अकादमी म्हणतात ती, 1738 पासून. म्हणजे मुलांना निवडायचं आणि नाकारायचं काम हा धंदा तीनशे वर्षं करतोय. तीनशे वर्षांत नकार नीट द्यायला शिकता आलं नाही? आणि होऊ शकत नाही असं नाही. प्री द लोझान ही 15 ते 18 वयाच्या मुलांची स्पर्धा 1973 पासून चालू आहे, तिथे फायनलला न पोचलेल्या मुलांनाही शाळांच्या आणि कंपन्यांच्या लोकांसमोर जायची वेगळी संधी देतात. म्हणजे बाहेर पडणारं मूल हेही आपली जबाबदारी आहे असं मानणारी माणसं याच क्षेत्रात आहेत. इच्छा पाहिजे.

आता जरा शांतपणे लिहितो.

मला त्या दोन बाईंचा राग आहे का? खरं सांगायचं तर नाही. तिचा गुडघा हलकेच दाबला असं लेकीनंच सांगितलं, हसल्या पण म्हणे तिच्याकडे बघून. त्या कदाचित बरोबरही असतील. ज्या शरीराला ते ट्रेनिंग झेपणार नाही त्याला आत घेऊन सोळाव्या वर्षी मोडून बाहेर काढण्यापेक्षा दहाव्या वर्षी नाही म्हणणं बरं, हे मलाही पटतं. आत गेलं म्हणजे झालं असंही नसतं, कित्येक शाळांत दर वर्षी परीक्षा असते आणि पुढच्या वर्षाला ठेवायचं की नाही ते ठरतं. शिवाय दहाव्या वर्षी बघायचं आणि अठराव्या वर्षीचं शरीर ओळखायचं, मधे उंची एकदम वाढते, हाडं आधी वाढतात आणि स्नायू मागे राहतात, काल जमणारा बॅलन्स आज जात राहतो, अशात अंदाज बांधणं खरंच अवघड असणार. नकार द्या. शंभर वेळा द्या. मी नकाराबद्दल बोलतच नाहीये.

मी त्या कागदाबद्दल बोलतोय.

आमच्या टीचरचं सांगतो. लहानसा क्लास आहे, मोठं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या सगळ्या मुलींना पॉइंट शूज हवे होते, टोकावर उभं राहायचं म्हणजे काय असतं त्या वयात, स्वप्नच. आमच्या लेकीलाही हवे होते. टीचरनी तिला समोर बसवलं, घोटा हातात धरला आणि सांगितलं, हे बघ, इथली ताकद अजून यायची आहे, पावलाची हाडं अजून वाढतायत, आत्ता टोकावर गेलीस तर घोटा आत पडेल आणि दुखेल, एका पायावर हे एवढ्या वेळा न डगमगता करून दाखवशील तेव्हा परत विचार. ती रडली. त्या दिवशी खूप रडली. पण दुसऱ्या दिवसापासून खुर्चीला धरून टाचा वर खाली सुरू, रोज, कुणी न सांगता. नाहीच म्हटलं होतं ना टीचरनी पण? त्या नाहीनं तिला कामाला लावलं. या नाहीनं ती ताट बाजूला सारतेय.

एवढा साधा फरक आहे आणि इतक्या मोठ्या संस्थांना कळत नाही.

आणि जे म्हणतात ना, सिलेक्शन झालं नाही तर आता क्लास कशाला, अभ्यासाकडे बघा, त्यांना एकदाच उत्तर देतो आणि मग या विषयावर बोलणार नाही. क्लास चालू राहणार आहे. ती सिलेक्शनसाठी नाचत नव्हती. पियानो सुरू झाला की तिची मान आपोआप वर जाते, ते कुठल्या प्रवेश विभागानं दिलेलं नाही आणि त्यांना ते काढूनही घेता येणार नाही. पुढच्या वर्षी ऑडिशन द्यायची की नाही ते ती ठरवेल. नको म्हणाली तर नको. हवी म्हणाली तर परत नेईन, परत बन बांधीन, परत त्या बाहेरच्या खुर्चीवर बसेन. हे सगळं चालेल. फक्त तिच्या शरीराबद्दल काहीतरी लिहून ते लपवून ठेवलं जातं हे चालणार नाही. त्यांना आज परत मेल टाकलाय. या वेळी विनंती नाही केली, सरळ लिहिलंय की तपासणीत जे नोंदवलं गेलं त्याची प्रत पालक म्हणून मला हवी आहे. उत्तर नाही आलं तर परत लिहीन, आणि परत.

तोपर्यंत आम्हीच शोधतोय. तिचा खुबा, गुडघे, ताकद सगळं नीट तपासून, तिला समोर बसवून, तिच्याशी बोलून समजावून सांगणारं कुणीतरी हवंय. माझ्याशी नाही, तिच्याशी. नाचणाऱ्या मुलांबरोबर काम केलेले फिजिओ कुणाच्या ओळखीत असतील तर प्लीज इनबॉक्स करा. वजनावर बोलणारे नकोत. आणि ज्यांची मुलं अशा ऑडिशनना जाऊन आली आहेत, तुम्हाला कधी कारण मिळालं का, कसं मिळालं, काय लिहून मागितलंत, ते खाली लिहा, मला आणि बाकीच्यांना पण उपयोग होईल.