कुठे लिहिलंय?

ऑडिटर मॅडमनी पाठवलेल्या तक्त्यात पाच रकाने होते: जॉबचं नाव, कधी चालतो, कोण जबाबदार, कोणती प्रोसिजर वापरतो आणि अधिकृत संदर्भ. पहिले चार मी पाच मिनिटांत भरले. पाचव्यासमोर तिसऱ्या दिवशीही कर्सर लुकलुकत होता.

माझं काम डेटाबेस सांभाळायचं. म्हणजे सगळं सुरळीत चालू असलं की 'हा माणूस दिवसभर करतो काय?' आणि बंद पडलं की 'हा माणूस करत काय होता?' हे दोन प्रश्न आलटून पालटून ऐकायचं. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, चालतो आणि त्यावर रात्री माझे जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं, चालतात. त्यातले निम्मे अशा प्रोसिजरांच्या (नाव घेऊन बोलवायच्या तयार आज्ञासंचांच्या) जिवावर, ज्या सर्व्हरबरोबर आपोआप येतात, बोलावलं की हजर होतात, काम करतात, पण अधिकृत मदतपुस्तिकेत त्यांचा पत्ता नाही. अनडॉक्युमेंटेड! आहेत, पण कोणी कबूल करत नाही. उद्या न सांगता बदलतील, परवा गायब होतील, आणि बिघडल्या तर दाद मागायला जागा नाही.

आता यातली गंमत बघा. अशा कितीतरी प्रोसिजरा 2000 सालच्या आवृत्तीत होत्या आणि 2022 च्या आवृत्तीतही ठणठणीत आहेत. उलट नोटिफिकेशन सर्व्हिसेस नावाची सोय होती, रीतसर, पानंच्या पानं माहिती असलेली. ती 2008 च्या आवृत्तीत गेली. ज्यांची कागदपत्रं चोख त्या गेल्या, आणि बिनकागदाच्या अजून ठाण मांडून बसल्यात. पण हे पाचव्या रकान्यात लिहिता येत नाही.

या विद्या शिकायच्या गुरुमुखातून. मी नवा असताना एका दुपारी सगळं ठप्प झालं. शेजारच्या ज्येष्ठ सरांनी माझा कीबोर्ड ओढून घेतला, 'एसपी हू टू' असं बडवलं, आणि कोण कोणाला अडवून बसलंय याची यादी पडद्यावर पडली. 'एसपी हू' मला माहीत होतं, ते पुस्तिकेत आहे. हे 'टू' कुठून उपटलं?

"सर, हे कुठे लिहिलंय?"

"आता तुझ्या डोक्यात लिहिलंय," ते म्हणाले. "तिथून पुसू नकोस."

पुसलं नाही. उलट भर घालत गेलो, आणि त्या भरीतली सगळ्यात लाडकी म्हणजे 'एसपी एमएस फॉर ईच डीबी'. आमच्या सर्व्हरवर 41 डेटाबेस. प्रत्येकात एकच आज्ञा चालवायची तर 41 वेळा लिहा. हिला मात्र आज्ञा एकदाच द्यायची आणि डेटाबेसच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं. ती एकेक डेटाबेस घेते, प्रश्नचिन्हाच्या जागी त्याचं नाव घालते आणि आज्ञा चालवून पुढे जाते. एका ओळीत काम फत्ते. हिची एक बहीण आहे, फॉर ईच टेबल. ती टेबलांवर फिरते. दोघी एकाच घरातल्या, पण वळण निराळं. टेबलवाली प्रत्येक नाव चौकटी कंसात घालून, स्कीमासकट (टेबल ज्या गटातलं त्याच्या नावासकट), इस्त्री केल्यासारखं देते. डीबीवाली नुसतं नाव भिरकावते. आमच्या एका डेटाबेसच्या नावात कोणीतरी (मीच) मधे आडवी रेघ घातली होती. त्या रेघेला अडखळून आज्ञा तोंडावर आपटायची. प्रश्नचिन्हाभोवती कंस आपणच घालायचे असतात, हे मला रात्री अडीचच्या फोनने शिकवलं.

पण खरा तमाशा झाला तो मातृभाषेच्या प्रेमापोटी.

जॉबच्या नोंदवहीत इंग्रजी संदेश वाचून कंटाळलो होतो. म्हटलं, एक डेटाबेस तपासून झाला की 'तपासले' असं छापू, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि मग नाव. नाव हवं म्हणून प्रश्नचिन्ह. इतकं साधं. सकाळी नोंदवही उघडली तर पहिलीच ओळ अशी:

मास्टरमास्टरमास्टरमास्टरमास्टरमास्टर: मास्टर

मास्टर हा सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस. खाली टेम्पडीबीचा असाच जप. त्याखाली मॉडेल. तेही सर्व्हरचेच. मग आमचे सगळे डेटाबेस ओळीने, प्रत्येकाचं नाव सहा वेळा एका दमात आणि मग श्वास घेऊन सातव्यांदा. मला वाटलं सर्व्हरच्या अंगात आलं. मी तो जॉब पुन्हा चालवला. पुन्हा सात. 'तपासले' कुठेच नाही.

अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी लिहायची तर अवतरणचिन्हाच्या आधी 'एन' हे इंग्रजी अक्षर लावावं लागतं. ते नसलं की मजकूर जुन्या एकबाइटी संचात कोंबला जातो, आणि आमच्यासारख्या लॅटिन मांडणीच्या सर्व्हरवर त्या संचात देवनागरी नाही. न समजलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. त, प, काना, स, ल, मात्रा. झाली सहा प्रश्नचिन्हं. इथवरही ठीक होतं. मराठी माणसाला संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग बघायची सवय असते. पण आमच्या फॉर ईच डीबी बाईंना प्रश्नचिन्ह म्हणजे आमंत्रण! दिसलं प्रश्नचिन्ह की घाल नाव. सहा ती आणि सातवं माझं खरंखुरं. 'एन' लावायचा तोही दोनदा, आतल्या अवतरणाला एक आणि बाहेरच्याला एक. बाहेरचा विसरलात तर आतल्याचा काही उपयोग नाही. हे सगळं कळल्यावर मी संदेश इंग्रजीत लिहायला लागलो आणि पहिल्याच दिवशी शेवटी 'ओके?' असं लिहून बसलो. त्या रात्रीही नाव दोनदा छापलं गेलं.

खरं तर या बायकांची गुपितं कुलपात नसतात. 'एसपी हेल्पटेक्स्ट' नावाची प्रोसिजर आहे, अगदी कायदेशीर, पुस्तिकेतली. ती चालवली की फॉर ईच डीबीचा आतला सगळा कोड समोर येतो. तो मी वाचला. पाहुण्याच्या घरी कपाट उघडंच असलं तरी आत डोकावताना जसं वाटतं तसं वाटलं. आत कळलं की आज्ञा 2000 अक्षरांपर्यंतच घेतली जाते. माझी एक आज्ञा 2140 अक्षरांची होती आणि गेले चार महिने तिची शेवटची 140 अक्षरं रोज रात्री बिनबोभाट कापली जात होती. कात्री चालायची ती बरोबर एका टिप्पणीच्या (सर्व्हर वाचतच नाही अशा शेऱ्याच्या) मधे, त्यामुळे तक्रार करायलाही कारण उरत नव्हतं. त्या 140 अक्षरांत काय होतं? काम झाल्याची नोंद ठेवणारी ओळ. म्हणजे काम होत होतं, नोंद होत नव्हती, आणि 'नोंद का नाही?' म्हणून मी सहकाऱ्यावर चिडत होतो. त्याला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

शिवाय ही फॉर ईच डीबी कधीकधी एखादा डेटाबेस गाळते. हा तिचा जगजाहीर दुर्गुण. ती कर्सर (यादीतली एकेक ओळ घेत पुढे सरकणारा दर्शक) घेऊन यादीवरून फिरते, पण फिरण्याआधी यादीची स्थिर प्रत काढून घेत नाही. सर्व्हरवर गर्दी असली, एखाद्या डेटाबेसची अवस्था मधेच बदलली, की यादी हातात असतानाच हलते आणि एखादं नाव सुटतं. एरर नाही, इशारा नाही, जॉब हिरवागार. मी एकदा मोजले तर 41 पैकी 40. दुसऱ्या दिवशी 41. तिसऱ्या दिवशी 41. मग मी मोजणं सोडलं. मोजायचं सोडलं याची मला लाज वाटते, पण रोज सकाळी 41 नावं बोटांवर मोजणारा माणूस कार्यालयात कसा दिसतो हेही पाहायला हवं.

'एक्सपी डिलीट फाइल' तर नावापासूनच फसवी. मी भाबडेपणाने समजलो, फाइल डिलीट करते. जुन्या सीएसव्ही फाइलींचा ढीग साचला होता. फोल्डर दिलं, एक्स्टेंशन दिलं, तारीख दिली. आज्ञा यशस्वी! फोल्डर उघडलं तर ढीग जागेवर. पुन्हा. यशस्वी. ढीग जागेवर. ही प्रोसिजर आहे मेंटेनन्स प्लॅनच्या, म्हणजे सर्व्हरच्या ठरवून दिलेल्या देखभालीच्या, साफसफाईसाठी. ती फाइल उघडून आत बघते, आणि ती सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप किंवा त्या प्लॅनचा अहवाल असला तरच हात लावते. परक्याच्या कचऱ्याला ती शिवत नाही. बरं, मग बॅकअप तरी? तिथे मी एक्स्टेंशनच्या आधी टिंब दिलं होतं. टिंब चालत नाही. एका टिंबापायी दोन महिन्यांचे बॅकअप साठले आणि डिस्क भरली, आणि आज्ञा मात्र रोज यशस्वी.

तर पाचवा रकाना. मॅडमना फोन केला. म्हटलं, "संदर्भ म्हणून त्या प्रोसिजरचा कोडच जोडला तर?"

"कोड म्हणजे ती काय करते ते," त्या म्हणाल्या. "तिने काय करायचं ठरलंय, ते कुठे लिहिलंय?"

इतका नेमका प्रश्न मला गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी मुकाट्याने कामाला लागलो. डेटाबेसांची यादी अधिकृत व्ह्यूतून (सर्व्हरने दिलेल्या तयार तक्त्यातून) घेतली, तिची आधी स्थिर प्रत काढली, नावांना कंस घालणारं फंक्शन वापरलं, आणि स्वतःचं चक्र लिहिलं. तीसेक ओळी. एक दुपार लागली. इतकी वर्षं जी दुपार वाचवत होतो ती इतकीच लांब होती. जुन्या फाइली काढायचं काम सर्व्हरच्या बाहेर, साध्या स्क्रिप्टकडे दिलं. पाचव्या रकान्यात आता प्रत्येक जॉबला संदर्भ. तक्ता पाठवला आणि त्या रात्री फार शांत झोपलो.

आठवड्याने मॅडम स्वतः आल्या, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक जॉब उघडून बघू लागल्या. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टिम हलत नाहीये. मी एका हाताने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने, मला कळायच्या आत, टाइप केलं: एसपी हू टू.

यादी पडली. 63 क्रमांकाच्या कनेक्शनला 57 ने अडवलेलं. 57 म्हणजे आमचाच सहकारी. डेटाबेसमधला एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा टाकून जेवायला गेला होता. त्याला परत बोलावलं, त्याने तो मिटवला, गाडी सुरू झाली. सगळं मिळून तीन मिनिटं.

"हे तक्त्यात नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"हा जॉब नाही, मॅडम. ही बोटांची सवय आहे."

त्या पडद्याकडे सरकल्या. "हा पहिला रकाना, एसपीआयडी, कनेक्शनचा क्रमांक. हाच पुन्हा शेवटाकडे आलाय. दोनदा का?"

इतकी वर्षं तो रकाना मी दोनदा बघत आलो होतो. का, हे कधी मनात आलं नाही. पण अशा वेळी गप्प बसलं तर माणूस अडाणी दिसतो. "यादी रुंद आहे ना. उजवीकडे पोचेपर्यंत वाचणारा पहिला आकडा विसरतो, म्हणून असावा."

त्यांनी लिहून घेतलं. "आणि ही शेवटच्या वापराची वेळ. महिना आहे, दिवस आहे, वर्ष नाही?"

आता मला जरा रंग चढला होता. "वर्षभर कोणी कनेक्शन उघडं ठेवणार नाही, असं गृहीत धरलं असावं."

तेही लिहून घेतलं. मग माझं पूर्ण नाव आणि हुद्दा विचारला, तोही लिहिला.

पुढच्या वर्षी ऑडिटला नवा मुलगा आला. त्याने पाठवलेल्या तक्त्यात एक ओळ आधीच भरलेली होती. प्रोसिजर: एसपी हू टू. अधिकृत संदर्भ: गतवर्षीचा तपासणी अहवाल, परिशिष्ट ब. मी परिशिष्ट उघडलं. एसपीआयडी हा रकाना दोनदा दिलेला आहे, कारण उजवीकडे पोचेपर्यंत वाचणारा तो विसरतो. शेवटच्या वापराच्या वेळेत वर्ष नसते, कारण वर्षभर कनेक्शन उघडे ठेवले जात नाही. खाली माझं नाव आणि हुद्दा. अक्षर न् अक्षर बरोबर, फक्त माझे दोन 'असावा' वाटेत कुठेतरी गळले होते. एरर नाही, इशारा नाही.