पोट आणि अब्रू, दोन्ही साफ

"रोज होतं का?" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा, तोही दार लोटून घेऊन. मला तो परवा डोंबिवलीत, मेडिकलच्या काउंटरवर, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, साधी तोंडओळखही नसलेल्या एका काकांनी विचारला.

कारणांत शिरत नाही. नात्यातलं लग्न, पनीर, मैदा आणि एसटीच्या थांब्यांवरच्या मुताऱ्यांच्या धास्तीने न प्यायलेलं पाणी. सुज्ञांस सांगणे न लगे. काउंटरवर वाकून मी पोऱ्याला हळूच म्हणालो, "जरा ते... पोटाचं चूर्ण."

"लागल्याचं की अडकल्याचं?"

"दुसरं."

पोऱ्याने माळ्याकडे तोंड करून हाळी दिली, "शेठ, संडास साफचं छोटं संपलं का? ह्यांना फॅमिली पॅक देऊ?"

फॅमिली पॅक! ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या घरी संडास किती असतील? याच दुकानात कुणी बाईंनी नॅपकिन मागितले की हाच पोऱ्या पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो. माझी बाटली मात्र काचेवर मधोमध, लेबल रांगेकडे करून.

तेवढ्यात खांद्यामागून काका उगवले. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी.

"रोज होतं का?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. काकांना वाटलं, मला ऐकू कमी येतं. त्यांनी आवाज चढवला.

"तसं ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक म्हणजे? खडा होतो का?" दुधाची पिशवी मनगटावर सरकवून त्यांनी मुठीची छोटी-मोठी मापं करून दाखवली. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी या विषयाचे सात प्रकार पाडून 1997 साली एक तक्ता छापला. त्यात पहिला प्रकार सुट्या कडक खड्यांचा. काकांनी तो तक्ता बहुधा पाहिलेला नसावा, पण सातही प्रकार त्यांनी एका हाताने करून दाखवले. पाचव्या प्रकाराला मागच्या मुलीने कानात इयरफोन खुपसले.

"हे चूर्ण बेस्ट. मी 1987 पासून घेतोय."

"रोज?"

"रोज! काही त्रास नाही. आयुर्वेदिक आहे ना. आधी अर्धा चमचा पुरायचा, आता तीन लागतात, एवढंच."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर होत नाही," काका अभिमानाने म्हणाले. "तासाभरात कळ नाही आली तर आणखी एक चमचा टाकायचा. घाबरायचं नाही."

इथे मात्र मला हसू येईना. बाटली फिरवून मी घटक शोधले. मुंगीने लिहावं अशा अक्षरांत पहिलंच नाव होतं सोनामुखी. ही पोटात गेल्या गेल्या काही करत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यातलं द्रव्य फोडतात, मग ते आतड्याला ढुशा देतं. त्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणूनच ती रात्री झोपताना घेतात. काकांच्या हिशेबाने तासातासाला चमचा टाकणाऱ्याची पहाट कशी उजाडेल ते सांगायला नको.

"माझ्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे," मी शेठना विचारलं, "त्याच्याबरोबर हे चालेल?" प्रश्न वायफळ नव्हता. सलग जुलाब झाले की अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि ती गोळीही तेच करू शकते.

शेठनी वर पाहिलंसुद्धा नाही. "आयुर्वेदिक आहे साहेब. साइड इफेक्ट नाही."

धोत्राही झाडालाच येतो हो! पोटात दुखतंय का, उलट्या होतायत का, रक्त पडतंय का, वजन उतरलंय का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे विचारायला त्या अख्ख्या दुकानात कुणी नाही. आठवडाभराच्या वर सलग घ्यावं लागत असेल तर डॉक्टरांना गाठा, एवढं वाक्य उच्चारायला पैसे पडत नाहीत. आणि रोज झालंच पाहिजे हा दंडक कुणी घातला? डॉक्टर तर आठवड्यातून तीनदा झालं तरी चालवून घेतात, फक्त कुंथावं लागू नये. पण नाही, खड्यांची मापं घ्यायला अख्खी रांग तयार.

"इसबगोल द्या," मी म्हणालो.

"ते नुसतं कोंडा आहे," काकांना वाईट वाटलं. "जोर नाही त्यात. घ्यायचंच तर फक्की मारा. वर घोटभर पाणी."

घोटभर! तो भुसा पाणी पिऊन फुगतो, त्याचं कामच ते. घोटभर पाण्यावर घेतला तर घशातच फुगून बसायचा. ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी, आणि दोन-तीन दिवस धीर. मी हे सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या बाईंना म्हणाले, "ह्यांना वाताचाही त्रास दिसतोय."

बाई म्हणाल्या, "गरम दुधात चमचाभर तूप."

बाईंच्या मागून कुणीतरी म्हणालं, "एरंडेल."

पोऱ्याने पॉइंटसाठी मोबाइल नंबर मागितला. तिथे आमच्या हिचा नंबर आहे, तो मी सवयीने सांगून टाकला. बिल आता कागदावर येत नाही, मोबाइलवर जातं, मालाच्या नावासकट.

घरी पोचलो तर सासूबाई पपई चिरत होत्या. "या. अर्धी आत्ता खा, अर्धी सकाळी. हिने ऑफिसातून फोन केला होता. आणि नागपूरहून मामांचाही येऊन गेला. एरंडेल घ्या म्हणाले."