बॅटरीचा डबा

चाळिशी उलटल्यावर रिमोटची गाडी पळवणाऱ्या माणसाला घरात तसाही फारसा मान नसतो. त्यात बायकोने अशा गाडीतली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ पाहिला. मला हाक मारून पुन्हा लावला आणि नेमक्या भडक्याच्या जागी थांबवला.

"अहो, ही तीच ना, जी तुम्ही पुस्तकांच्या कपाटात ठेवता?"

तीच होती. दोन सेलची, वर कडक कवच नाही, नुसतं मऊ चंदेरी पाकीट. मी लगेच जाहीर केलं की तिच्यासाठी डबा करतो. विकत मिळतात, पण घरात ड्रिल असताना विकत काय आणायचं? (ड्रिल घेतल्यापासून त्याने तीनच भोकं पाडली होती, त्यातलं एक चुकून.)

माळ्यावर पत्र्याचा जाड डबा सापडला. झाकणाला रबराची कड, वर खटका. बंद केला की मुंगीसुद्धा आत जायची नाही. खूश होऊन गाड्यांच्या नादातल्या एका जुन्या मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बॉम्ब छान झालाय."

सेल पेटला की वायू सुटतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर डबाच फुटतो, हे तेव्हा कळलं. रबर उपटलं. वायूसाठी झाकणात चार भोकंही पाडली. डबा उलटा ठेवला होता, ती तळाला पडली, हे सुलटा केल्यावर लक्षात आलं. मग झाकणाला आणखी चार.

आता बॅटरी ठेवून पाहू म्हटलं, तर कनेक्टरची पिन पत्र्याला टेकली, दुसरी आधीच टेकलेली, आणि चट्ट! पत्र्यावर एक काळा ठिपका उमटला. "काय झालं?" आतून आवाज. "काही नाही, मोजतोय," मी म्हणालो.

आत अस्तर हवं होतं. फोम कापून बसवणार होतो, तेवढ्यात मित्राने विचारलं, "सरणाची तयारी का?" फोम पेटतो. त्यापेक्षा जिप्सम बोर्ड बरा. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते वाफ होऊन निघतं आणि बरीच उष्णता खातं. हे ऐकायला सुंदर आहे. कापायला नाही. बोर्डाला पट्टी लावून कटर ओढला, की तो आपल्या मनाने मोडतो आणि पांढरी पूड चहाच्या कपापर्यंत पोचते. साडेबारा मिलिमीटरचे तुकडे मी तीन रविवार कापत होतो. माप एकदम चोख: बॅटरी ४६ मिलिमीटर रुंद, २५ जाड, आतला खण ४७ आणि २६. बॅलन्सच्या, म्हणजे दोन्ही सेल सारखे चार्ज ठेवणाऱ्या वायरला कोपऱ्यात खाचसुद्धा ठेवली, कानशीने गुळगुळीत करून.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे बायको. बॅटरी खणात सोडली. जाईना. तिरकी करून पाहिली. कडेने बोट दाबलं, तर ती गादीसारखी आत गेली आणि परत वर आली.

फुगली होती.

झालं असं, की डबा तयार झाला की लगेच गाडी पळवायची म्हणून पहिल्याच दिवशी मी ती पूर्ण चार्ज करून ठेवली होती. ८.४ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ४.२. ठेवणीतल्या बॅटरीत सेलमागे ३.८ च्या आसपास राखावेत, हे मी स्वतः चार जणांना शिकवलेलं आहे. तशात ती आधीच म्हातारी. तिला सुरक्षित ठेवायचा डबा करण्यात मी इतका गुंतलो, की तीन आठवडे ती तशीच फुल्ल पडून राहिली. पुस्तकांच्या कपाटात.

"ही आता आत जाणार नाही का?" बायकोने शांतपणे विचारलं. फुगलेली बॅटरी दाबून कोंबत नाहीत, हे तिला सांगावं लागलं.

ई-कचऱ्यात जाईपर्यंत बॅटरी बाल्कनीत, वाळू भरलेल्या कुंडीत आहे. त्या कुंडीतला मनीप्लांट बायकोने माझ्या डब्यात लावला. त्याआधी सगळं जिप्सम खरवडून काढलं, पंधरा मिनिटांत. तळाची चार भोकं पाण्याच्या निचऱ्याला अगदी नेमकी जमलीत म्हणते.