पोट दिसू लागलं म्हणून गाऊनच का?

पहिलटकरणीला काय खायचं, कसं झोपायचं हे सांगायला अख्खं गाव येतं. कपड्यांचा विषय निघाला की मात्र "आता काय, दोन गाऊन घाल आलटून पालटून" एवढ्यावर प्रकरण मिटतं. दुसऱ्या टोकाला मॅटर्निटी वेअरची दुकानं, जिथे तीन-चार महिन्यांपुरते कपडे हजारोंच्या भावात मिळतात. माझं मत दोन्हीच्या विरुद्ध आहे. रोज साडी नेसणारीनं साडीच नेसावी, कुर्ता-जीन्सवालीनं तेच घालावं. पाचव्या महिन्यात शिंप्याकडे जुनी ब्लाउज-कुर्त्यांची पिशवी घेऊन जावं आणि शिवून घेताना पोटापेक्षा बाळंतपणानंतरच्या दिवसांचा विचार जास्त करावा. मोठं पोट मिरवायचे महिने जेमतेम चार. अंगावर पाजणं त्याहून कितीतरी लांबतं, आणि नेमका तोच काळ कपडे निवडताना कुणाच्या डोक्यात नसतो.

सगळ्यात आधी अडतो ब्लाउज. पोटाच्या आधी छाती वाढते, बऱ्याचजणींची तिसऱ्या महिन्यातच. शिंपी बगलेतली शिलाई उसवून माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, सोडतो. बऱ्या शिवणीच्या ब्लाउजला दोन्हीकडची मिळून दोन इंच तरी माया असते. पण नुसती बगल सोडली की घेर वाढतो आणि कटोरी, म्हणजे छातीचा पुढचा गोल भाग, तेवढीच राहते. मग मुंढा (बाही जोडायचा गोलवा) वर चढतो, बाही दंडाला काचते, पुढच्या हुकांमध्ये फटी पडतात आणि दोष शिंप्याला जातो. त्यापेक्षा बगलेत पट्टी घाला. दीड ते दोन इंच रुंद, अस्तरासकट, बाहीच्या शिलाईपासून थेट खालच्या पट्टीपर्यंत. तेच कापड शिल्लक नसेल तर जुळवाजुळव करत बसू नका, सरळ वेगळं घाला. काळ्या सुती ब्लाउजला जांभळ्या खणाची पट्टी मुद्दाम केल्यासारखी दिसते. जवळजवळ जुळणारा रंग मात्र ठिगळ वाटतो. कटोरीच कमी पडत असेल तर पट्टीनंही भागत नाही, तो ब्लाउज वर्षभर बाजूला ठेवावा. पाठीला हुक किंवा चेन असलेले, दोऱ्या-लटकनवाले ब्लाउजही त्याच्याच शेजारी ठेवा, कारण बाळ रडत असताना पाठीमागे हात नेऊन कुणी सोडवणार नाही.

बारशाच्या साडीवरचा ब्लाउज अंगात न शिरणं ही नेहमीची रड आहे. त्याचं कारण साधं आहे. माप सहाव्या महिन्यात दिलेलं असतं, आणि दूध भरून येतं बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. बाराव्या दिवशी छाती आठव्या महिन्यापेक्षाही मोठी असू शकते. म्हणून माप आठव्या महिन्यात द्या, वर दोन इंच माया ठेवायला सांगा, हुक पुढेच घ्या आणि हुकांची घरं दोन ओळींत करून घ्या. अस्तर सुती हवं. सॅटिनच्या अस्तरातून दूध झिरपून बाहेर लगेच डाग दिसतो. खणाचा ब्लाउज शिवणार असाल तर हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून कापड नेहमीपेक्षा जास्त घ्या. खण ताणतही नाही.

ब्राच्या बाबतीत हट्टानं सांगते: तिसऱ्या महिन्यात एकदम सहा घेऊ नका. तेव्हा एक-दोन घ्या, बिनतारेच्या, सगळ्यात घट्ट हुकावर बरोबर बसणाऱ्या. बरगड्यांचा घेर वाढतो तशी सैल करता येतात. पाजण्याच्या ब्रा छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास घ्या, आणि त्या सगळ्यात सैल हुकावर बसणाऱ्या घ्या, कारण घेर पुढे कमीच होणार असतो. तार किंवा घट्ट इलॅस्टिक एकाच जागी दाबत राहिलं तर तिथे दूध साचून गाठ होऊ शकते.

आता परकर. बारीक नाडी ही आपली सगळ्यात वाईट सवय. वर्ध्यातल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये नाडीच्या सततच्या काचण्यातून कमरेवर कर्करोग झालेल्या बाईची नोंद प्रसिद्ध केली होती. ती वर्षानुवर्षांच्या घासण्याची गोष्ट आहे, नऊ महिन्यांत कुणी घाबरू नये. पण ताणलेल्या कातडीवर घामानं भिजलेली नाडी रुतली की खाज आणि काळा वळ ठरलेला. नाडीऐवजी दोन इंच रुंद सुती पट्टा किंवा दीड इंची मऊ इलॅस्टिक घालून घ्या आणि परकर पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बसवा. पोटामुळे पुढचा काठ दोन-तीन इंच उचलला जातो, म्हणून परकर पुढून तेवढा लांब हवा. निऱ्या सातऐवजी पाच घाला. घेराला कापड जास्त लागतं, आणि सात घालायच्या हट्टात पदर आखूड होतो.

इथे एक मेख आहे. सिझेरियन झालं तर टाका नेमका त्याच पोटाखालच्या रेषेच्या आसपास येतो. गरोदरपणात सोयीचा वाटलेला खालचा परकर, खालच्या कमरेची लेगिंग, खालचं इलॅस्टिक, सगळं त्या जखमेवर घासतं. म्हणजे बाळंतपणानंतर उलट करायचं: परकर बेंबीच्या वर, लेगिंग उंच कमरेची आणि एक माप मोठी. दवाखान्याच्या पिशवीत असे दोन तरी कपडे हवेतच. आणि पोट लगेच सपाट होत नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर सहाव्या महिन्यातले कपडेच अंगाला बसतात. पिशवीत जुन्या मापाची जीन्स भरणाऱ्या आशावादी मुली मला आवडतात, पण ती काढून ठेवा.

कुर्तेवालींचं काम सोपं आहे. सरळ कुर्त्याचा कट बाजूने तीन-चार इंच वर उसवा, पोट आपोआप सुटतं. छातीखाली जोड असलेला कुर्ता सगळ्यात कामाचा. त्याच्या पुढच्या दोन उभ्या शिलाया उसवून, खांद्यापासून तीनेक इंच खाली सुरू होणारी आठ इंची छुपी चेन दोन्ही बाजूंना बसवून घेतली की तोच कुर्ता पुढे पाजण्याला चालतो. चेन नायलॉनची घ्या. धातूची बाळाच्या गालाला ओरखडे काढते. तिच्या खालच्या टोकावर कापडाची टोपी शिवून घ्या. गळ्याशी टिकल्या, आरसे, जर नको. बारीक छापाचं सुती कापड, अजरख किंवा बांधणीसारखं, दुधाचे डाग लपवतं. फिकट राखाडी आणि साधं रेशीम ते जाहीर करतं. डाग आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यात घातला की पिवळा होऊन बसतो.

जीन्सच्या काजातून रबरबँड ओवून बटणाला अडकवायची युक्ती पाचव्या महिन्यापर्यंतच, तीही लांब टॉपखाली.

डोहाळजेवणाला हिरवी साडी हवी हे मान्य, पण दोन-तीन तास बसून ओटी भरून घ्यायची आहे. जड जरीची पैठणी त्या वेळी अंगावर ओझं होते. हिरवी इरकल किंवा माहेश्वरी हलकी पडते आणि फोटोत कुठेही कमी दिसत नाही. फुलांचे दागिने तारेवर नको, रिबिनीवर करून घ्या. कंबरपट्टा तर नक्कीच रिबिनीवर. निशिगंधाच्या वासानं मळमळत असेल तर तसं आधीच सांगून टाकावं, त्यात संकोच कसला? हिरव्या काचेच्या बांगड्या नेहमीपेक्षा एक माप मोठ्या भरा. 2.4 म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच व्यास, तुम्ही 2.4 वापरत असाल तर 2.6 घ्या. शेवटच्या महिन्यांत हात सुजले की घट्ट बांगड्या निघत नाहीत, आणि सलाईन लावायच्या वेळी फोडाव्या लागतात. अंगठ्या सातव्या महिन्यातच काढून साखळीत ओवा. पण हात किंवा चेहरा अचानक सुजला, सोबत डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो दागिन्यांचा विषय राहत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

मेंदी हवी तर भिजवलेल्या पानांच्या पुडीची. ती आधी केशरी येते आणि दुसऱ्या दिवशी गडद होते. तासाभरात काळी होणाऱ्या कोनात केसांच्या डायमधलं रसायन असतं, त्यानं फोड येऊ शकतात. जेल नेलपॉलिश छत्तिसाव्या आठवड्याआधी काढून टाका. ऑक्सिजन मोजायची क्लिप बोटाला लागते, आणि जेल ऐनवेळी निघत नाही. वांग आला म्हणून पार्लरमधलं बिनलेबल क्रीम लावू नका. रेटिनॉल बंद. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पुरे.

बाळाच्या कपड्यांची फार खरेदी नको, कारण पहिलं माप महिन्या-दीड महिन्यात लहान होतं. पुढून बांधायची आठ-दहा झबली, दोन डझन लंगोट, सहा-सात दुपटी. दुपट्यांसाठी आईच्या, आजीच्या मऊ पडलेल्या सुती साड्यांसारखं कापड दुकानात मिळत नाही, आणि आपली आवड दिसायची जागाही तीच आहे. साडेपाच मीटरच्या साडीतून जवळपास मीटर-सव्वा मीटरचे चार-पाच चौकोन निघतात. जरीचे काठ आधी कापा, दोन थर एकावर एक ठेवून धावदोरा घाला, कडा आत दुमडा. नायलॉन मिसळलेली साडी ओळखायची तर एक धागा जाळून बघा: सुती धाग्याची राख होते, नायलॉनची गोळी.

साड्या कपाटात डांबरगोळ्यांसोबत ठेवलेल्या असतील तर घाई करू नका. जी6पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानंही फुटू शकतात आणि जोराची कावीळ होते. कमतरता आहे की नाही हे सहसा जन्माआधी कळत नाही. साबणानं धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच साडी कापायला घ्या. एका धुण्यात वास जात नाही, दोन-तीनदा धुवावी लागते. पावसाळ्यातली तारीख असेल तर हे काम मे महिन्यातच उरका.