‘मार खाल्लेली मुलं घातक निघतात’ या मेसेजला एका बहिणीचं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात एका थ्रिलरची गोष्ट आहे. बापाचा मार खात वाढलेले भाऊ-बहीण. मोठेपणी भाऊ एका मुलीच्या मागे वेडा होतो, खून करतो, आणि बहीण ते लपवते. पुढे लिहिलंय : ‘ही नुसती गोष्ट नाही. लहानपणी मार खाल्लेली मुलं पुढे घातक निघतात हे विज्ञानाने सिद्ध झालंय. गावित बहिणी आठवा. अशी भावंडं एकमेकांना सोडत नाहीत, तिसऱ्याला जगू देत नाहीत. प्रेमाला मुकलेला माणूस मागे लागला तर त्याला प्रेमच ताळ्यावर आणतं. चांगल्या घरात असलं घडत नाही. म्हणून स्थळ बघताना आधी घरची चौकशी करा.’

खाली पाच-सहा अंगठे. माझ्या भाचीसाठी सध्या स्थळं बघतोय. मेसेज कुणी वाचला ते दिसतं. त्यात दादाचं नाव होतं. तो काही बोलला नाही. म्हणून मी बोलते आहे, त्याला विचारून.

आम्ही परळच्या चाळीत वाढलो. बाबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता, मी सहा. संपामुळे बाबा मारायला लागले असं लिहिलं तर गोष्ट छान जुळेल. पण ते संपाआधीही मारायचे.

‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ हे आधी घेते, कारण लोक तिथेच मान डोलावतात. या विषयावरचा गाजलेला अभ्यास कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकन संशोधक बाईंचा. तो १९८९ साली ‘सायन्स’मध्ये आला. ज्यांच्यावरच्या अत्याचाराची किंवा हेळसांडीची कोर्टात नोंद होती अशी ९०८ मुलं त्यांनी घेतली. जोडीला त्याच वयाची, तशाच परिस्थितीतली, पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं. पुढे किती जणांना हिंसक गुन्ह्यात अटक झाली ते पाहिलं. पहिल्या गटात शंभरात साधारण ११, दुसऱ्यात ८. धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. पण छळ सोसलेल्या शंभरांतल्या ८९ जणांच्या नावावर अशी अटक नाही. मेसेज त्या अकरांकडे बोट दाखवून सगळ्या शंभरांना घातक म्हणतो.

ही चूक कुठून येते ते मला थ्रिलर वाचून वाचून कळलंय. मला ती पुस्तकं मनापासून आवडतात. लेखकाला खुनी आधीच ठाऊक असतो. मग तो मागे जातो आणि त्याच्या लहानपणात कारण पेरतो. शेवटच्या प्रकरणात बापाचा पट्टा निघाला की वाचकाला वाटतं, अच्छा, म्हणून! कथेत हे चालतं. पण तुरुंगापासून मागे गेलात तर मार खाल्लेले लोक भेटणारच. मार खाल्लेल्या मुलापासून पुढे चालत या, मग दिसतं की बहुतेक जण तुरुंगापर्यंत पोचतच नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तिघांतल्या दोघांनी मार किंवा शारीरिक छळ सोसलेला होता. म्हणजे ही मुलं कुठे लांब नाहीत. विरार फास्टमध्ये तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात ते हेच लोक, आणि ते आपापल्या कामाला चाललेले असतात.

गावित बहिणींचं थोडक्यात सांगते. त्या खटल्यात त्यांची आई अंजनाबाई स्वतः आरोपी होती. तिघी मिळून मुलं पळवायच्या, चोरीसाठी वापरायच्या, नकोशी झाली की मारायच्या. आईने मुलींना धंद्यात घेतलं, ही ती गोष्ट. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, तीही दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे. त्यावरून मार खाल्लेल्या मुलांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता भावंडांचं. हे मला सगळ्यात लागलं.

आमच्या चाळीचा जिना लाकडी होता. बाबांची चप्पल दुसऱ्या वळणावर वाजली की दादाला कळायचं, आज कसे आहेत. तो माझ्या हातात वाटी द्यायचा आणि म्हणायचा, ‘जा, काकूंकडून साखर आण.’ डब्यात साखर असायची. मी गॅलरीतून तीन खोल्या पलीकडे जायची, आतून कडी लागल्याचा आवाज यायचा. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, ‘एवढ्यात संपली?’ पुन्हा कधी विचारलं नाही. मला पाटावर बसवायच्या, रेडिओ मोठा करायच्या, आणि सगळं शांत झालं की वाटी काठोकाठ भरून हातात द्यायच्या. त्या वाटीच्या वेळात दादा आत एकटा असायचा.

आम्ही एकमेकांना सोडत नाही, खरं आहे. तो रोज रात्री फोन करतो, ‘जेवलीस?’ एवढंच विचारतो. त्यात वहिनीचं काय गेलं? हवाईच्या कौआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. वाईट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली सावरलेली निघाली. त्यांच्या पाठीशी बहुधा एखादं माणूस भक्कम उभं होतं. कधी आजी, कधी शेजारीण, कधी मोठं भावंड. ज्याला मेसेज रोग म्हणतो तो पुष्कळदा औषध असतो.

दादावर खुणा नाहीत असं नाही. हॉटेलात तो दाराकडे पाठ करून बसत नाही. जिन्यात कुणी धाडधाड चढलं की बोलता बोलता थांबतो. भाची लहान असताना तिच्यावर चिडला की चपला घालून खाली जायचा, बिल्डिंगला दोन फेऱ्या मारून वर यायचा. तिच्यावर त्याने एकदाही हात उचललेला नाही. थ्रिलरमध्ये हे येणार नाही, कारण यात काही घडतच नाही.

‘प्रेमच ताळ्यावर आणतं’ हे वाक्य तर मुलींसाठी सरळ धोक्याचं आहे. नको म्हटल्यावरही मागे येणं, मेसेज करत राहणं, पाळत ठेवणं याला २०१३पासून कायद्यात पाठलागाचा गुन्हा म्हणतात. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. त्याचं बालपण कसं गेलं हे समजून घेणं डॉक्टरांचं काम. स्टेशनवर वाट अडवलेल्या मुलीचं ते काम नाही.

आणि चांगली घरं? त्याच २००७च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बंद दाराआडचं बाहेरून दिसत नाही, मग दार चाळीचं असो की टॉवरचं. चौकशी करायची तर आज शेजारी रडणाऱ्या मुलाची करा. १०९८ ही हेल्पलाइन आपल्याच मुंबईत, १९९६ साली सुरू झाली. आमच्या वेळी ती नव्हती. आमच्या वेळी काकू होत्या.

रविवारी भाचीला बघायला पाहुणे येतायत. वहिनी म्हणाली, जुनं काही काढू नका. दादा म्हणाला, मी होऊन काढणार नाही, पण विचारलं तर खोटं सांगणार नाही. मला त्याने दुपारीच बोलावलंय. त्याच्या शेजारी बसायला.