बंदूक खाली ठेवा, मामा

'पेडण्याच्या आकाशात रात्री शत्रूचे ड्रोन घिरट्या घालतात. २०२१ च्या कायद्याने आपल्या जमिनीवरचा ड्रोन पाडायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. बंदूक नसेल तर हिरवा लेझर मारा, जॅमर ऑनलाइन मागवा, पत्र्यावर फॉइल अंथरा.' हा मेसेज गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या धारगळला आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी रानडुकरांसाठीची परवान्याची बंदूक पुसायला काढली. नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देत बसायला वेळ कुणाला आहे?

कायद्याचं आधी बघू. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ ला राजपत्रात आले. वाचा की. ड्रोन कुणी, कुठे, किती उंच उडवायचा हे त्यात आहे: ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत, विमानतळाजवळ परवानगीशिवाय नाही, नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड. पाडायचा हक्क? एका ओळीतही नाही. आणि वर झाडलेली गोळी वरच राहत नाही, कुणाच्या तरी कौलांवर येते.

लेझर वाचून मात्र डोकंच फिरलं. मोपा विमानतळावर उतरणारं विमान लँडिंग लाइट लावून थेट आपल्या दिशेने येत असलं, की तो दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो. मेसेजमधले 'ड्रोन' बहुतेक हेच. त्यावर लेझर मारायचा म्हणजे उतरण्याच्या ऐन वेळी वैमानिकाचे डोळे दिपवायचे. हातातला बारीक ठिपका तिथवर पोचेपर्यंत पसरतो आणि कॉकपिटची काच उजळून टाकतो. आत शे-दीडशे माणसं. दाबोळी विमानतळावर तर नौदलाचीही विमानं उतरतात. शत्रूचं काम आपणच वाडीत उभं राहून करायचं?

धोका खोटा नाही, एवढं नाइलाजाने मान्य. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. मे २०२५ मध्ये एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं लष्करानेच सांगितलं. पण त्यातले जे पाडले ते सैन्यदलांनी, गच्चीवरच्या हौशी मंडळींनी नव्हे.

जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारी यंत्रं, सैन्याकडे असतात, खरं आहे. खासगी माणसाने वापरणं बेकायदा, आणि चाललाच तर आधी शेजाऱ्याचा फोन बंद पडेल. शिवाय आधीच मार्ग भरून सोडलेल्या ड्रोनला रिमोटच्या सिग्नलची गरजच नसते. फॉइलवर मी बोलत नाही.

खरोखर संशय आला तर ११२ लावा. वेळ, जागा, दिशा सांगा. पडलेला ड्रोन दिसला तर हात लावू नका, फोटोसाठीही जवळ जाऊ नका. त्याला काय बांधलंय ते लांबून कळत नाही.