‘चाळिशीच्या आतल्यांची आरोग्य तपासणी बंद’ हा मेसेज धादांत खोटा आहे

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत, फाउंड्रीच्या (धातू ओतण्याच्या कारखान्याच्या) फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामावर, ठेकेदाराकडे कामाला आहे. परवा रात्री त्यानेच घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘ताई, आता आमची तपासणी नाही. बरं झालं, कटकट गेली.’ तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की नव्या कायद्यात फक्त चाळिशीपुढच्यांची तपासणी आहे, ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापली जाते तिथे कंपनीची जबाबदारी संपते, ठेकेदाराच्या माणसांना हे लागूच नाही, रिपोर्ट कामगाराला मागता येत नाही, आणि तपासणीत काही निघालं तर नोकरी जाते, म्हणून ती टाळा.

चाळिशीचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. २१ नोव्हेंबर २०२५ ला कामगार संहिता, म्हणजे मेसेजमधला ‘नवा कायदा’, लागू झाल्या, तेव्हा सरकारने ४० वर्षांवरच्या सगळ्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी जाहीर केली. इथवर खरं आहे. पण ही सर्वसाधारण तपासणी झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची तपासणी ही वेगळी आणि जुनी तरतूद आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-सी घातलं गेलं. ते काय सांगत होतं? कामावर लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना दर बारा महिन्यांच्या आत तपासणी, आणि ते काम सोडल्यानंतरही तपासणी. वयाचा एक शब्द त्यात नव्हता. धोकादायक उद्योगांची यादी त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात होती आणि तिच्यात तिसऱ्याच क्रमांकावर फाउंड्री होती. सँड आणि शॉट ब्लास्टिंगने (वाळू किंवा लोखंडी छर्‍यांचा मारा करून) कास्टिंग साफ करण्याचं कामसुद्धा तिथे नाव घेऊन लिहिलं होतं. ही यादी आणि ही तरतूद त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या नव्या संहितेतही आली आहे. म्हणजे माझ्या भावाची तपासणी काल बंधनकारक होती आणि आजही आहे.

आणि कायदा बाजूला ठेवा. हा पोरगा २२व्या वर्षी ग्राइंडर हातात घेऊन उभा राहिला. तोंडाला टॉवेल गुंडाळतो. घरी येऊन अंघोळीला बसला की पहिल्या दोन तांब्यांचं पाणी काळं जातं. जी धूळ दिसते ती धुऊन जाते. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ दिसत नाही, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं घेते. झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. लवकर कळला तर माणसाला धुळीतून बाहेर काढता येतं, एवढंच हातात असतं. चाळिशीपर्यंत थांबलं तर त्याची धुळीत अठरा वर्षं झालेली असतील.

आमचे काका वीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, होते. खोकला लागला, टीबी म्हणून दोनदा औषधांचा कोर्स झाला. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, ‘काम काय करता?’ तोवर हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. नोकरीतला एकही एक्स-रे त्यांच्याकडे नव्हता. भरपाईसाठी दाखवायला काही नव्हतं.

म्हणूनच रिपोर्टबद्दलचा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. ४१-सी मध्येच लिहिलं होतं की आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात, कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर नोंदी जपा, असा आदेशही दिला. न्यायालय चाळीस वर्षं कागद जपायला सांगतंय आणि हे मेसेजवाले म्हणतात मागूच नका!

ईएसआयसीचं म्हणाल तर कामगाराचे पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के जातात ते विम्यासाठी. त्याने कंपनीची ही जबाबदारी माफ होत नाही. ठेकेदाराबद्दलही तेच. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येतही ठेकेदारामार्फत लावलेला माणूस ‘कामगार’च होता. आणि तपासणीचे पैसे कुठे पगारातून कापत असतील, तर तेही चालत नाही.

नोकरी जाण्याची भीती मात्र खोटी नाही, हे मला मान्य करावं लागतं. ठेकेदाराच्या पोराला उद्यापासून येऊ नको म्हणायला कारणही लागत नाही. आणि भावाची कटकटही मला समजते. गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये टेबल मांडून उंची, वजन, बीपी, बोटाला टोचून साखर बघितली आणि ‘फिट’चा शिक्का मारला. माणशी तीन मिनिटं. छातीचा एक्स-रे नाही, फुंकून फुफ्फुसाची ताकद बघणं नाही, कान तपासणं नाही. पण यावर तपासणी टाळणं हा उपाय कसा? सिलिकोसिस कायद्याने कळवायचा आजार आहे, भरपाईच्या यादीतला आजार आहे. एक्स-रेच नसेल तर तो झाला हे सिद्ध कशाने करणार?

काल रात्री मी त्याला अर्ज लिहून दिला. कंपनीच्या नावाने, ठेकेदाराला प्रत. त्यात दोनच ओळी आहेत: मी फेटलिंगला नऊ वर्षं काम करतो, माझा छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची तपासणी करावी. आजवरच्या सर्व तपासण्यांच्या नोंदींची प्रत मला द्यावी. त्याच्या खात्यातल्या आणखी चौघांनी आपल्या नावाने तोच अर्ज मागून घेतलाय. सोमवारी पाचही जण एकत्र देणार आहेत, पोच घेऊन. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडची तक्रार मी स्वतः टाइप करणार आहे.